पंचांगांतील समुद्र : खांदेरी बेटाची एक फेरी

आमचें वास्तव्य जालना जिल्ह्यांतील अंबड गांवीं. येथील देवता मत्स्योदरी. तिच्या मंदिराची टेकडी दुरून पाहिली असतां एखादा मोठा मासा पाण्यावर पडून राहिल्यासारखी दिसते. परंतु मासा आहे आणि पाणी मात्र नाहीं, अशी आमच्या भागाची स्थिति! समुद्र येथून शंभराहून अधिक कोस दूर. दक्षिणेस गोदावरी वाहते खरी, पण तीहि पश्चिमेकडे पाठ करून पूर्वसमुद्रास जाऊन मिळते. अशा गांवीं पस्तीस वर्षें शिक्षकाचें काम करून आम्हीं शेंकडों मुलांस भरती-ओहोटीचा धडा शिकविला, फळ्यावर खडूनें सूर्य-चंद्र काढले, आणि "दिवसांतून दोन वेळां भरती व दोन वेळां ओहोटी" हें वाक्य मुलांकडून घोकून घेतलें. स्वतः मात्र वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्या पाण्यांत पाऊल घातलें नव्हतें. ही उणीव माघ महिन्यांत भरून निघाली. आणि ती भरून निघतांना आमची जी शोभा झाली, तीच आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. आपल्यासारख्या घरांतील मुलेंमाणसें हल्लीं वरचेवर समुद्रावर जातात. आमची चूक त्यांच्या उपयोगीं पडली तर ती फुकट गेली नाहीं असें आम्ही समजूं.

निमित्त झालें तें वर्तमानपत्रांतील एका बातमीचें. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांतील व एक, जिंजी, तामिळनाडूंतील. या बारांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे तीन किल्ले भर समुद्रांतील बेटांवर उभे आहेत. बातमी मोठ्यानें वाचून दाखवितांना आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, ह्यांतल्या एका तरी किल्ल्याचा आपल्या जालन्याशी संबंध आहे का?" सेवानिवृत्त शिक्षकास असा प्रश्न म्हणजे भुकेल्यापुढें वाढलेलें ताट! आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "आहे. खांदेरीचा."

तो संबंध असा. इ. स. १६७९ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस शिवाजीमहाराजांच्या लोकांनीं मायनाक भंडारी याच्या नायकत्वाखालीं खांदेरी बेटावर उतरून तटबंदीचें काम सुरू केलें. बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेस, येण्याजाण्याच्या वाटेवर. तेथें मराठ्यांचा किल्ला झाला तर आपल्या प्रत्येक जहाजावर त्यांची नजर राहणार, हें ओळखून मुंबईच्या इंग्रजांनीं जहाजें धाडून बेटाची नाकेबंदी केली. पुढें जंजिऱ्याचा सिद्दीहि त्यांस येऊन मिळाला. ही झुंज १६८० च्या जानेवारीपर्यंत चालली. आतां याच काळांत स्वतः महाराज कोठें होते? तर १६७९ च्या नोव्हेंबरांत ते घोडदळासह मोगली मुलुखांत शिरून आमच्या जालन्याच्या संपन्न पेठेवर आले होते! परततांना मोगल सरदार रणमस्तखानाशीं त्यांची निकराची लढाई झाली, आणि बहिर्जी नाइकानें दाखविलेल्या आडवाटेनें ते पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोंचले. तोच पुढें विश्रामगड म्हणून प्रसिद्ध झाला. एकाच राजाचें एक पाऊल कुंडलिकेच्या कांठीं जालन्यांत आणि दुसरें भर समुद्रांत खांदेरीवर, तेंहि एकाच ऋतूंत! हें सांगून झाल्यावर नातू म्हणाला, "मग आपण खांदेरी बघायलाच पाहिजे." त्याची दहा वर्षांची धाकटी बहीण तर त्याच क्षणीं पिशवी भरावयास उठली.

एकत्र कुटुंबांत एखादी गोष्ट ठरते म्हणजे ती चार ओसऱ्यांवरून फिरून येते, हें वाचकांस सांगावयास नको. आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, "पोहता येत नाही, आणि निघालास समुद्रात!" सूनबाईंस मुलीची काळजी. आमच्या आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत. त्यांनीं तर मुळावरच घाव घातला. "अरे, समुद्रावर जाणं आपल्यात चालतं का?" प्रश्न शास्त्राचा असल्यामुळें आम्हांसहि स्फुरण चढलें. बौधायनानें समुद्रसंयान निंद्य मानलें आहे व कलिवर्ज्यांतहि त्याची गणना होते, हें आम्हीं प्रांजलपणें कबूल केलें. परंतु त्याच्याहि फार पूर्वींच्या ऋग्वेदांत अश्विनीकुमारांनीं समुद्रांत बुडणाऱ्या भुज्यूस शंभर वल्ह्यांच्या नौकेंतून सोडविल्याची कथा आहे. आणि ज्या बेटावरून आपला किनारा दिसतो तेथें जाणें हें कांहीं परदेशगमन नव्हे, असा आम्हीं निर्णय दिला. आत्याबाई हंसल्या. "तू शास्त्र सांगून मोकळा होशील. मला एवढंच कळतं की पंचांग बघून जा." आम्हीं पंचांग काढलें. रिक्ता तिथि टाळली, वार पाहिला, आणि माघ शुद्ध त्रयोदशी मुक्रर केली. त्या पानावर आम्हांस जें पाहावयास हवें होतें तें सोडून बाकी सर्व आम्हीं पाहिलें, हें पुढें कळावयाचें होतें.

द्वादशीस संध्याकाळीं आम्ही अलीबागेजवळच्या थळ गांवीं पोहोंचलों. किनाऱ्यावर उभें राहिलें कीं समोर दोन बेटें दिसतात. जवळचें लहान व सखल तें उंदेरी. त्याच्या पलीकडे दोन टेकड्यांचें खांदेरी. एका टेकडीवर दीपगृह आहे, तें इ. स. १८६७ मधील. आवश्यक ती परवानगी आधींच काढून ठेविली होती. ज्यांच्या होडींतून जावयाचें ते तांडेल साठीच्या आसपासचे, बोलण्यास अगदीं मोजके. त्यांनीं आम्हां चौघांकडे (आम्ही, कुटुंब व दोन नातवंडें) एकदां पाहिलें आणि म्हणाले, "उद्या तेरस. पाणी दहाच्या सुमारास भरेल. आपण साडेआठला निघू. साडेबाराला मला सगळी माणसं धक्क्यावर पाहिजेत."

आम्हीं विचारलें, "इतकी घाई कां? दिवस तर मोठा आहे."

"दिवस मोठा हाय, गुरुजी, पाणी नाय," एवढें बोलून ते जाळें आवरावयास गेले.

सकाळीं आम्ही निघालों तेव्हां समुद्र तळ्यासारखा शांत होता. होडी लहान, यंत्रावर चालणारी. तांडेलांबरोबर त्यांचा पुतण्या खलाशी. सर्वांच्या अंगांत लाईफ जॅकेट चढविल्याखेरीज त्यांनीं यंत्र सुरू केलें नाहीं. आमच्या कुटुंबानें तें धोतर-पागोट्यावर कसें दिसतें यावर कांहीं शेरा मारला, तो येथें देत नाहीं. उंदेरी डावीकडे टाकून होडी वळणें घेत चालली. सरळ वाट सोडून हे आडवे कां जातात असें आम्हांस वाटलें. तेव्हां खलाशानें पाण्याखालीं एके ठिकाणीं बोट दाखविलें. हिरव्या पाण्यांत खडकांची काळी पाठ दिसली आणि लगेच नाहींशी झाली. वर कोणतीहि खूण नव्हती. ती खूण त्या दोघांच्या डोक्यांत होती.

पाऊण तासानें बेटावर उतरलों. खांदेरीस वेताळाचें देऊळ आहे. कोळी समाजाची या देवावर मोठी निष्ठा. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या जुन्या तोफा आहेत. आणि एक शिळा अशी आहे कीं दगडानें ठोकली असतां भांड्यासारखा धातूचा नाद निघतो. मुलांस तोफांपेक्षां तिचेंच कौतुक अधिक. गोड्या पाण्याचीं टाकींहि आहेत. चोहोंकडे पाणी असलेल्या जागेंत खरी दौलत हीच. तटाचे चिरे, लाटांनीं झिजलेली बाहेरची बाजू, बुरुजावरून उत्तरेस धुक्यांतून दिसणारी मुंबईची किनार, हें सर्व पाहतां पाहतां वेळ कसा गेला कळलें नाहीं.

परंतु वेळ खरा कोणी घालविला? तो आम्हीं घालविला. तोफेजवळ बसून आम्हीं व्याख्यान आरंभिलें. १६७९ पासून निघालों ते कान्होजी आंग्र्यांपर्यंत आलों. १७१८ मध्यें इंग्रजांनीं मोठें आरमार घेऊन खांदेरीवर केलेला हल्ला कसा फसला, कान्होजींचें नांव या बेटास १९९८ मध्यें कसें देण्यांत आलें, हें सविस्तर सांगितलें. बारा वाजून गेल्यावर खलाशी एकदां येऊन गेला. आम्हीं म्हटलें, "आलोंच." साडेबारानंतर तो पुन्हां आला. नातू म्हणाला, "आजोबा, चला ना." आम्हीं म्हटलें, "एवढा मुद्दा पुरा होऊं दे." शिक्षकाचा मुद्दा कधीं पुरा होत नाहीं. तेथून इंग्रजी इतिहासकार, तेथून पैठण आणि तेर येथील माल दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणच्या बंदरांशीं कसा जोडला गेला होता येथपर्यंत आम्ही गेलों. आणि धक्क्यावर आलों तेव्हां सव्वादोन वाजले होते.

सकाळचा समुद्र तेथें राहिलाच नव्हता. दुपारचा वारा सुटून पाण्यावर पांढरे फेंस उठत होते. पाणी बरेंच उतरल्यामुळें सकाळीं धक्क्याच्या काठाशीं लागलेली होडी आतां खालीं दिसत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर हातभर वर येऊन पुन्हां खालीं जात होती. तांडेल रागावले नाहींत. एक शब्दहि बोलले नाहींत. त्यांनीं कुटुंबास उतरवून घेतलें, नंतर मुलीस हात दिला. तिनें पाऊल टाकलें आणि त्याच क्षणीं होडी खालीं गेली. मुलीचा पाय होडी आणि धक्का यांच्या मधल्या फटींत! पुढची लाट होडीस धक्क्यावर आपटणार एवढ्यांत खलाशानें तिला बगलेंत धरून वर ओढलें. होडी आपटली, पण मधें पाय नव्हता. पाटीवरचा खडू खालीं पडावयास जितका वेळ लागतो तितक्यांत हें सर्व झालें. मुलगी रडलीहि नाहीं. तिची एक चप्पल मात्र पाण्यांत गेली. ती चप्पल लाटांवर खालींवर होत दूर जातांना आम्हांस दिसत होती, आणि तोंडांतून शब्द फुटत नव्हता.

परतीचा पाऊण तास अंगावर पाणी घेत गेला. तरी फजिती संपली नव्हती. किनारा बराच दूर असतांना तांडेलांनीं यंत्र बंद केलें. सकाळीं जेथें होडी तरंगत होती तेथें आतां ओली वाळू, चिखल आणि खडक उघडे पडले होते. पौर्णिमा जवळ आली कीं उधाण येतें. आणि उधाणाचें पाणी जितकें अधिक चढतें तितकेंच अधिक उतरतें. शेवटीं गुडघाभर पाण्यांतून, शिंपल्यांवर पाय सांभाळीत, एकमेकांचे हात धरून आम्हीं किनारा गांठला. मुलगी तांडेलांच्या खांद्यावर होती.

किनाऱ्यावर आम्हीं ठरल्याहून अधिक पैसे पुढें केले. त्यांनीं ठरले तेवढे मोजून घेतले व बाकीचे परत केले. आम्ही म्हणालों, "चूक सर्वस्वीं आमची. तुम्हीं वेळ सांगितली होती."

ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी पंचांग असंल ना?"

"आहे. तें पाहूनच आलों."

"मग तिथीची पाऊणपट करायची. भरती निघते. त्यात काय शिकायचं हाय?"

वाचकहो, त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. एक कारण ती चप्पल. दुसरें ही पाऊणपट. उठून कागदावर आंकडे मांडले. रीत अशी : शुद्ध वा वद्य कोणताहि पक्ष असो, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जेवढे येतील तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. तीच वेळ स्थूलमानानें दिवसा आणि रात्रीं. कारण एका भरतीपासून दुसरी सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांनीं येते. भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. आमची त्रयोदशी, तेराची पाऊणपट पावणेदहा. तांडेलांनीं "दहाच्या सुमारास" म्हटलें तें याच हिशेबानें. म्हणजे चार वाजतां पाणी अगदीं तळाला जाणार हें त्यांना आदल्या संध्याकाळीं ठाऊक होतें. आणि पंचांग हातांत धरून बसलेल्या आम्हांस ठाऊक नव्हतें!

ही पाऊणपट आली कोठून? येथें आमचें थोडेंसें शिक्षण उपयोगीं पडलें. सूर्य आणि चंद्र यांच्यांतील अंतर १२ अंशांनीं वाढण्यास जो काळ लागतो ती एक तिथि. आकाशाचा ३६० अंशांचा फेरा २४ तासांत पुरा होतो. तेव्हां १२ अंशांस ४८ मिनिटें पडतात. अर्थात् प्रत्येक तिथीस चंद्र सुमारें ४८ मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, आणि त्याच्या ओढीनें येणारी भरतीहि तितकीच मागें पडते. कोळ्यांनीं ४८ ची सोयीस्कर ४५ केली, ती पाऊण तास. म्हणून पक्षाच्या शेवटीं रीत किंचित् कमी भरते : पौर्णिमेस हिशेबानें सव्वाअकरा येतात, भरती मात्र बाराच्या सुमारास असते. मुंबई-अलीबागेच्या किनाऱ्यावर पौर्णिमा व अमावास्येची भरती मध्यान्हीं येते, म्हणूनच हा मेळ येथें इतका सोपा बसतो; दूरच्या किनाऱ्यावर वेळ निराळी. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. हें सारें तिथींतच भरलेलें आहे. इंग्रजी तारखेंत भरतीचा पत्ता लागत नाहीं. आपल्या तिथींत ती बसलेली आहे. एकादशी, चतुर्थी, श्राद्धपक्ष यांसाठीं जें पान आपण शेंकडों वर्षें उलटीत आलों, त्याच पानावर किनाऱ्यावरचा कोळी आपलें पाणी वाचीत आला. पंचांग दोघांच्या घरीं. पण जीव त्याच्यावर टांगलेला एकाचाच, म्हणून वाचन त्याचें पक्कें.

आणि मग १६७९ ची लढाईहि आम्हांस निराळी दिसूं लागली. वर्गांत आम्ही ती शौर्याची कथा म्हणून सांगत असूं. शौर्य तर होतेंच. सप्टेंबरांत बेटावर उतरूं पाहणारी इंग्रजांची तुकडी मागें हटविली गेली व तिचा नायक थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत मराठ्यांनीं डोव्हर नांवाचें जहाज पकडलें, जरी रिव्हेंज या जहाजावरून कीग्विननें नेटानें तोंड दिलें. पण खांदेरी टिकली ती केवळ त्या एका दिवसावर नव्हे. ती टिकली रोजच्या रसदीवर. चिंचोळ्या, हलक्या, वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारांत किनाऱ्यावरून निघत आणि नाकेबंदीच्या मोठ्या जहाजांमधून निसटून बेटावर धान्य व सामान पोहोंचवीत. इंग्रज हातबल झाले ते या होड्यांपुढें. त्यांच्याच पत्रांतून तशी कबुली आहे. त्यांचीं जहाजें मोठीं, पण त्यांस खोल पाणी लागे व वारा लागे. होडीस वल्हें पुरे, आणि उथळ पाणी चाले. मात्र ती होडी अंधारांत खडक चुकवून नेणारा माणूस हवा. आणि तो खडक भरतीला कोठें बुडतो, ओहोटीला कोठें डोकें काढतो, हें त्याच्या डोक्यांत असावयास हवें. आमच्या खलाशानें ज्या खडकाकडे बोट दाखविलें, तसल्याच खडकांच्या ओळखीवर स्वराज्याचा एक किल्ला उभा राहिला. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस मायनाक भंडाऱ्याचें नांव सांगितलें, पण त्याला काय येत होतें हें सांगितलें नाहीं; कारण तें आम्हांसच ठाऊक नव्हतें.

ज्या घरांतून बेटें पाहावयास मंडळी निघत असतील, त्यांना आमच्या अनुभवावरून चार शब्द. पावसाळ्याचे महिने सर्वस्वीं वर्ज्य. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ चांगला. जाण्याचा दिवस ठरवितांना सुटीचा वार पाहण्यापूर्वीं तिथि पाहावी, पाऊणपट करावी, आणि भरती सकाळच्या प्रहरीं येईल असा दिवस निवडावा, म्हणजे दुपारचा वारा सुटण्यापूर्वीं परततां येतें. पाऊणपट हा स्थूल हिशेब आहे. छापील कोष्टक मिळाल्यास तेंहि ताडून घ्यावें. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, कचरा परत आणावा. मुलांस लाईफ जॅकेट घातल्याखेरीज होडींत बसवूं नये, आणि चढतां-उतरतांना पाऊल केव्हां टाकावयाचें तें खलाशाच्या सांगण्यावर सोडावें. आणि सर्वांत महत्त्वाचें : तांडेलानें सांगितलेली वेळ ही विनंती नव्हे. होडींत वय, विद्या, नातें हें सर्व किनाऱ्यावर ठेवून बसावें.

घरीं परतल्यावर आत्याबाईंस आम्हीं सर्व खरें सांगितलें. चप्पलहि लपविली नाहीं. त्या बराच वेळ मुलीच्या पायावरून हात फिरवीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी पंचांग बघून जा म्हटलं होतं. तू नुसतंच उघडून गेलास."

तेव्हांपासून आमच्या घरच्या पंचांगांत प्रत्येक तिथीपुढें तांबड्या पेन्सिलीनें भरतीची वेळ लिहिलेली असते. हें काम नातीकडे आहे. अंबडास समुद्र नाहीं, पण रोज सकाळीं पूजेच्या वेळीं ती मोठ्यानें सांगते, "आजोबा, आज थळला पाणी अमुक वाजता." आम्ही घड्याळाकडे पाहतों, आणि सांगितल्या वेळीं, जेथें असूं तेथून, उठतों.